अडीच कोटींचा मानकरी कोण?

आष्ट्यात कबड्डीचे सामने लागले की मैदानाच्या कडेला एक वाद हमखास पेटतो. प्रो कबड्डीच्या लिलावात सर्वात मोठी बोली कुणावर लागायला हवी? वाद जिव्हाळ्याचा आहे, कारण त्या मॅटवर आमच्याच वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके गाजलेला आहे. पण या वादात काही समजुती इतक्या घट्ट बसल्यात की त्या एकदा तपासायलाच हव्यात.

गैरसमज : ज्याचे गुण जास्त, त्याचाच भाव जास्त हवा.

2015 च्या मोसमात चढाईच्या गुणांत काशिलिंग सर्वांच्या पुढे होता. त्याचा दबंग दिल्ली संघ मात्र उपांत्य फेरीतही पोचला नाही. हा काशिलिंगचा दोष म्हणता येणार नाही, कबड्डीचा नियमच तसा आहे. चढाईपटू बाद झाला की तो बाकावर जाऊन बसतो. अख्खा संघच बाद झाला तर गोष्ट वेगळी, एरवी त्याच्या संघातल्या कुणीतरी समोरचा गडी बाद केला तरच तो परत येतो. बोनसचा गुण मिळाला तरी त्याने कुणी आत येत नाही. म्हणजे पकड कच्ची असेल तर लाखमोलाचा चढाईपटू टॉवेल खांद्यावर टाकून नुसता बघत राहतो. गुणांचा तक्ता वाचताना ही बाकावरची मिनिटं कुणी मोजत नाही.

गैरसमज : सर्वात महाग खेळाडू घेतला की चषक आलाच.

ऑक्टोबर 2023 मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे बोली तापली यात नवल नाही. पण अख्ख्या संघासाठी टायटन्सकडे होते 5 कोटी. निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर गेला आणि उरलेल्या रकमेत बाकीचा संघ उभा करावा लागला. त्या मोसमात टायटन्सनी 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

पवनच्या दर्जाबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये. 5 जानेवारी 2019 ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या 38 गुणांपैकी 22 त्याने एकट्याने आणले होते. त्या वेळी त्याचा भाव एक कोटीच्या बराच खाली होता, म्हणून संघाकडे इतरांसाठीही पैसा होता. उलट 2022 मध्ये तमिळ थलाइवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, आणि तोच संघ नरेंदर या नवख्या चढाईपटूच्या जोरावर प्रथमच उपांत्य फेरीत पोचला.

एकाच खेळाडूवर असा पैसा ओतण्यावर अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलने बांध घातलाय. तिथे दहा वर्षं खेळलेल्या मोठ्यात मोठ्या खेळाडूचाही नवा करार साधारणपणे संघाच्या ठरलेल्या वेतनमर्यादेच्या 35 टक्क्यांहून जास्त रकमेवर सुरू होऊ शकत नाही. कमी वर्षं खेळलेल्यांसाठी ही हद्द 25 टक्के आहे. आपल्याकडे असा बांध असता तर 2023 ला 5 कोटींतून एकाला पावणेदोन कोटींच्या वर देता आलं नसतं. मला हा नियम कबड्डीतही हवासा वाटतो.

गैरसमज : कोटींचा आकडा चढाईपटूलाच शोभतो.

इथे इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचं नाव घ्यावंच लागतं. तो डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. चढाईपटूने पाय आत टाकला रे टाकला की हा घोट्याला बिलगतो, आणि मग सुटका कठीण. 2023 ला पुणेरी पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं, पुणे विजेतं झालं. पुढच्या वर्षी हरियाणा स्टीलर्सने 2 कोटी 7 लाख मोजले, आणि 29 डिसेंबर 2024 ला बालेवाडीत हरियाणा विजेतं झालं. सलग दोन वर्षं, दोन वेगळे संघ, दोन चषक. त्याने सोडवलेल्या सामन्यांत बाकावर बसलेला आपला चढाईपटू पुन्हा पुन्हा आत येत राहिला. सर्वात मोठी बोली कुणाची, असं मला विचाराल तर मी बिनदिक्कत याचं नाव सांगेन.

गैरसमज : बोली म्हणजे खेळाडूची लायकी.

नाव कधी पुकारलं जातं, कुणाच्या पिशवीत किती उरलंय, एकाच जागेसाठी दोन संघ अडलेत का, यावर आकडा हलतो. शेवटी नाव निघालेला चांगला गडी स्वस्तात जातो. आणि काही जण तर लिलावाच्या हातोड्याखाली येतच नाहीत. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुण्याने नवोदित म्हणून घेतला आणि पुढे राखून ठेवला. पुण्याच्या त्या विजेत्या संघाचा कर्णधार तोच होता आणि मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून निवडही त्याचीच झाली. पवन नव्हे, शादलूही नव्हे.