बांबूच्या तंतूंचा बोर्ड : घेण्यापूर्वी काय पाहावे?

गोवा, कोकण आणि बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या आपल्या लोकांना बांबूची ओळख करून द्यायला नको. सूप, टोपली, कणगी, मांडवाचे खांब हे सगळे त्याचेच. आता त्याच बांबूपासून कपाटे आणि टेबलेही होतात. मात्र 'बांबू बोर्ड' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात : विणलेल्या चटया चिकटवून केलेला बोर्ड, पट्ट्या जोडून केलेली फळी आणि तंतूंचा बोर्ड. येथे आपण तिसऱ्याची माहिती घेऊ.

बांबूचे बारीक तुकडे करून ते दाबाखालच्या वाफेत मऊ करतात आणि फिरत्या चकत्यांमधून काढतात. त्यामुळे तंतू कापसासारखे सुटे होतात. त्यांत रेझिन आणि थोडे मेण मिसळून ते वाळवतात, गादीसारखे पसरतात आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला दाबतात. सुतार ज्याला एमडीएफ म्हणतात, त्याचाच हा भाऊ.

याचा फायदा असा की वाकडा, आखूड बांबू आणि बुरुडकामातले उरलेले तुकडेही कामी येतात. बांबू तीन-चार वर्षांत तोडणीला येतो आणि त्याच बेटाला पुन्हा कोंब फुटतात. २०१७ साली वनकायद्याच्या व्याख्येतून बांबू 'वृक्ष' म्हणून वगळला गेला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर तो लावणे-तोडणे सोपे झाले.

पण 'बांबूचा म्हणजे नैसर्गिक' हे अर्धेच खरे. बोर्डाचा गुण बांबूइतकाच रेझिनवर ठरतो. स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो आणि ते ओलाव्यापुढे टिकत नाही. म्हणून घेताना ई-१ दर्जा आहे का ते विचारावे, कापलेल्या कडा बंद करून घ्याव्यात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला किंवा मोरीजवळ हा बोर्ड लावू नये. बांबूतल्या पिष्टामुळे भुंगा आणि बुरशी लागते, त्यामुळे कच्चा माल वेळेवर वाळवलेला असणेही महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट. तंतूंचा बोर्ड यंत्रावर होतो, त्याला विणणारा हात लागत नाही. चटईच्या बोर्डाला मात्र आधी चटई विणावीच लागते. आपल्या बुरुड आणि मेदार कुटुंबांकडे ते कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून दुकानात नुसते 'बांबू बोर्ड' म्हणू नये. तिन्हींपैकी कोणता, हे आधी विचारावे, आणि चटईचा बोर्ड चालण्याजोगे काम असेल तर तोच मागावा.