डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद

कबनूर कुठे संपतं आणि इचलकरंजी कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही. यंत्रमागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखा आणि पाळी सुटल्यावर दवाखान्यांत होणारी गर्दीही सारखीच. त्या गर्दीत कोपऱ्याला बॅग घेऊन औषध कंपनीचा एमआर उभा असतो. त्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात तो चकचकीत घडीपत्रक उघडतो, तोंडपाठ केलेली चार वाक्यं म्हणतो, नमुन्याची पाकिटं ठेवतो आणि निघतो. पत्रक बऱ्याचदा पुड्या बांधायच्या कामी येतं.

तरीही एखादाच कागद टेबलाच्या काचेखाली जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. औषध कंपनी असो, सेवाभावी संस्था असो की सरकारी कार्यक्रम, डॉक्टरांचा विश्वास सगळ्यांनाच हवा असतो आणि त्यासाठी हल्ली सगळेच ‘शैक्षणिक साहित्य’ छापतात. काचेखाली जाणारा कागद मात्र वेगळ्या पद्धतीने तयार होतो. ती पद्धत समजून घेऊ.

मुरलेला डॉक्टर पत्रक खालून वर वाचतो. ठळक मथळा त्याच्यासाठी शेवटी येतो. आधी तळाचा बारीक मजकूर: कुणी छापलं, पैसे कुणाचे, अभ्यास कुठल्या साली आणि किती रुग्णांवर झाला. मग तो आकड्यांकडे वळतो आणि खरी झटापट तिथे होते. समजा पत्रक म्हणतं, ‘या औषधाने झटक्याचा धोका २५ टक्क्यांनी घटतो.’ मूळ अभ्यासात औषध न घेणाऱ्या शंभरांत चौघांना झटका आला आणि घेणाऱ्या शंभरांत तिघांना, तरीही हे वाक्य खोटं ठरत नाही. चाराचे तीन झाले, म्हणजे पाव हिस्सा कमी. पण समोर बसलेल्या, मागासाठी कांड्या भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने हिशेब असा, की शंभर जणींनी औषध घेतलं तर एकीचा झटका टळेल आणि बाकी नव्व्याण्णव जणींना खर्च करूनही तो फायदा व्हायचा नाही. नुसते २५ टक्के छापणारा कागद डॉक्टर बाजूला सारतो. ‘शंभरांत चारऐवजी तीन’ असं सरळ लिहिणारा कागद पुन्हा हातात घेतो. फायदा लहान आहे हे छापणाऱ्याने स्वतःच कबूल केलं, म्हणजे पुढचं वाचायला हरकत नाही.

सरकारही आता काहीसं हेच सांगतं. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषधांच्या विपणनाची नवी आचारसंहिता जाहीर केली. औषधाला कुठलीही पुस्ती न जोडता ‘सुरक्षित’ म्हणायचं नाही, दुष्परिणाम नाहीतच असं ठोकून द्यायचं नाही आणि वर्षभराहून जास्त काळ बाजारात असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणायचं नाही. भेटवस्तूंना बंदी आहे. पुस्तकं, डायऱ्या, उपचारांची मार्गदर्शक पत्रकं असं माहितीपर साहित्य देता येतं, पण एका वस्तूची किंमत १,००० रुपयांच्या आत हवी. संहितेने फसवे शब्द थांबतील. कागद कामाचा होईलच, याची हमी मात्र ती देऊ शकत नाही.

कामाचा मजकूर कसा असतो, याचं महाराष्ट्रातलं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण महाडचं आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे असे रुग्ण रात्र-रात्र पाहत होते आणि बारीक नोंदी ठेवत होते. त्यांची निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. विषामुळे शरीरातली एक चेतासंस्था बेफाम होते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनंच औषध वापरलं. आवळलेल्या वाहिन्या ते सैल करतं. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

यात शिकण्यासारखं आहे ते मांडणीत. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. वीज गेलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही हे पाळता येतं, कारण कधी थांबायचं हे रुग्णाच्या पावलाला हात लावून कळतं. शिवाय सांगितलेलं खरं की खोटं, हे पहिल्याच रुग्णात त्याच रात्री तपासता येतं.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. प्राझोसिनवर नाव झालेल्या बावस्करांनीच नंतर ७० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८ आणि दोन्ही दिलेल्या गटात ३५ पैकी ३२. आपलं औषध एकटं उणं पडतं, हे त्यांनी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतःच मांडलं. अशा माणसाचा पुढचा कागद डॉक्टर डोळे झाकून नाही, पण नक्की वाचतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हीच रीत कबनूरला लावून पाहू. विषय घ्या कापसाच्या धुळीचा. इथल्या डॉक्टरांकडे खोकल्याचे रुग्ण भरपूर आणि वेळ कमी. म्हणून पत्रकाच्या सुरुवातीला रोगाची व्याख्या नको, प्रश्न हवा: ‘सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि पुढे आठवडाभरात उतरते का?’ बिसिनोसिस या धुळीच्या आजाराची सुरुवातीची खूण हीच. दम्याचा किंवा विडीचा खोकला सुट्टीचा वार पाहून येत नाही. त्याच्याखाली दुसरा प्रश्न: नेमकं काम काय? जॉबर, कांडी भरणं, सायझिंग, की पूर्वी सूतगिरणीत पिंजणीला? नुसतं ‘माग कामगार’ लिहून भागत नाही.

यानंतर मर्यादा लिहायची, आणि तीही ठळक. हा आजार कापूस पिंजण्याच्या आणि सूत काढण्याच्या खात्यात जास्त दिसतो, विणकामात तुलनेने कमी. मागावरच्या प्रत्येक खोकल्याला हे नाव चिकटवायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून क्षयरोग नाही याची खात्री करायची. छापणाऱ्याला हा परिच्छेद गाळावासा वाटतो, कारण त्याने विषयाचा जोर ओसरतो. डॉक्टरांचा विश्वास बसतो तो मात्र याच परिच्छेदाने. रोज शंभर खोकले पाहणाऱ्याला प्रत्येक खोकला बिसिनोसिस नसतो हे ठाऊक असतंच. कागदालाही ते ठाऊक आहे का, एवढंच तो बघत असतो.

एक ओळ कायद्याची. कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या कायदेशीर यादीत बिसिनोसिस आहे, त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराला तो आढळला तर कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर येते. घराशेजारच्या चार मागांच्या शेडला हा कायदा बहुधा लागूच होत नाही, हेही तिथेच सांगून टाकावं.

छापण्याआधी कच्चा मसुदा गावातल्या दोन-तीन डॉक्टरांकडे द्यावा, आणि तोही दुपारी, दवाखाना रिकामा असताना. ‘छान आहे’ या शेऱ्याचा उपयोग नाही. ‘यातलं चुकीचं काय आणि नको ते काय?’ असं विचारायचं. एक पान पुरतं. दुसरं पान लागलं तर बहुधा विषय दोन झालेले असतात. तळाशी तारीख, खर्च कुणाचा ते आणि चूक कळवायला फोन नंबर. चूक कळली तर दुरुस्त पान घेऊन स्वतः जायचं, जुनं काढून घ्यायचं आणि काय बदललं ते सांगायचं.

साहित्य छापणाऱ्या कंपन्यांना आणि संस्थांना एवढंच सांगणं, की पत्रक रचायला मुंबईत बसला असाल तरी एक संध्याकाळ कबनूरच्या दवाखान्यात बाकावर बसा आणि मग मजकूर लिहायला घ्या.