उणे चारचा पत्ता

'मारुतीच्या देवळापासून पुढे चौथं घर' एवढं सांगितलं की गावात पाहुणा बरोबर पोहोचतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टम/३६० या मेनफ्रेमची असेंब्ली भाषा मेमरीतले पत्ते असेच सांगते. देऊळ म्हणजे बेस रजिस्टर. तिथून किती बाइट पुढे जायचं तो आकडा म्हणजे डिस्प्लेसमेंट. हवं तर इंडेक्स रजिस्टरमधला आणखी एक आकडा त्यात मिळवता येतो.

गोम अशी, की 'देवळाच्या अलीकडे' म्हणायची सोयच नव्हती. डिस्प्लेसमेंटला जागा १२ बिटांची, म्हणजे ० ते ४,०९५. त्यातला एक बिट उण्याच्या चिन्हाला दिला असता, तर पुढची पोच २,०४७ वर आली असती. बेस बहुधा प्रोग्रामच्या किंवा तक्त्याच्या सुरुवातीलाच असे. तेव्हा हा व्यवहार शहाणपणाचाच म्हणायचा.

पण मागे जायची वेळ येतेच. कमी-जास्त लांबीच्या रेकॉर्डमध्ये मजकुराच्या आधी ४ बाइट असतात आणि लांबी त्यांत नोंदलेली असते. रजिस्टरमध्ये मजकुराचा पत्ता असेल, तर लांबी वाचायला ४ पावलं मागे यावं लागतं. डिस्प्लेसमेंट म्हणून उणे ४ लिहिलं की असेंब्लर चूक दाखवणार.

मग प्रोग्रामर उणे ४ हा आकडा इंडेक्स रजिस्टरमध्ये ठेवत. तिथे तो चाले, आणि त्याचं कारण घड्याळात सापडतं. काटा ३ तास मागे न्यायचा असेल, तर ९ तास पुढे फिरवला तरी चालतं. सिस्टम/३६० चे पत्ते २४ बिटांचे, म्हणजे घड्याळावर १,६७,७७,२१६ घरं. रजिस्टरमधल्या उणे ४ चे खालचे २४ बिट १,६७,७७,२१२ असे वाचले जातात. मजकूर ५,००० वर असेल तर बेरीज होते १,६७,८२,२१२. २४ बिटांत न मावणारा हातचा यंत्र मुकाट टाकून देतं आणि उरतात ४,९९६. वजाबाकी न करता बरोबर चार घरं मागे!

२००० साली याच घराण्यातल्या नव्या यंत्रांत पत्ते ६४ बिटांचे झाले, घड्याळ अफाट मोठं झालं आणि ही युक्ती अडखळली. ३२ बिटांचा उणे ४ रजिस्टरच्या खालच्या अर्ध्यात असेल आणि वरचा अर्धा शून्य असेल, तर ६४ बिटांच्या पत्त्यासाठी तो चक्क अधिक ४,२९,४९,६७,२९२ ठरतो. म्हणजे लांबी शोधायला निघालेला प्रोग्राम जवळपास ४ जीबी पुढे जाऊन पडतो. म्हणून आकडा उचलतानाच 'एलजीएफ' सूचना वापरतात. ती उण्याचं चिन्ह वरच्या अर्ध्यातही पसरवते.

आयबीएमच्याच २००३ च्या झेड९९० यंत्राने अखेर चिन्हासकट २० बिटांचं डिस्प्लेसमेंट दिलं: उणे ५,२४,२८८ पासून अधिक ५,२४,२८७ पर्यंत. जुने १२ बिट मात्र जागचे हलवले नाहीत. वजनाने वरचे ८ बिट त्यांच्या मागे जोडले. रचना जरा ओबडधोबड आहे, पण जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालतात. मेमरीतला आकडा उचलणाऱ्या जुन्या 'एल' सूचनेच्या डिस्प्लेसमेंटला आजही उणे चिन्ह चालत नाही. ते हवं असेल तर 'एलवाय' लिहावं लागतं.