ट्रॅक्टरच्या इंजिनाची ऑइलगळती : शोधावी कशी, थांबवावी कशी



परंडा तालुक्यात सोनारीच्या बाजूला उसाचं गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरला उसंत नसते. दिवसा फडात, रात्री कारखान्याच्या रांगेत. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि इंजिनावर सगळा ताण. अशा दिवसांत इंजिनाखाली ऑइलचा डाग दिसला, तर आपण म्हणतो, "जुनं झालंय, थोडंफार गळायचंच. रोज वरून टाकू." ही समजूत महागात पडते. ती कशी, ते आधी हिशेबानं बघा.

ऑइलच्या वीस-पंचवीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाला ३६०० थेंब म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास ऑइल जातं. आठ तासांत सव्वा लिटर! आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरच्या इंजिनात सगळं मिळून सहा ते आठ लिटर ऑइल मावतं आणि मोजपट्टीवरच्या वरच्या व खालच्या खुणेत फरक असतो तो फार तर दोन लिटरच्या घरातला. म्हणजे दोन दिवस पट्टी बघितली नाही की ऑइल खालच्या खुणेच्याही खाली जातं. मग चढावर किंवा बांधावर ट्रॅक्टर कलला की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि दाबाचा दिवा लुकलुकतो. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो, तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढाच जाड. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि बेरिंग धरतं. पाच-पन्नास रुपयांच्या वायसरपायी क्रँक काढून घासायला न्यायची वेळ येते, तीही नेमकी हंगामात.

आता मुख्य गोष्ट. ऑइल जिथून ठिबकतं तिथूनच ते गळत असतं, असं नाही. ते वरच्या एखाद्या सांध्यातून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, पंख्याचा वारा त्याला मागं ढकलतो आणि सगळ्यात खालच्या टोकावरून थेंब पडतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल क्लचच्या घरावरून खाली येतं. बघणारा म्हणतो, "मागचं सील गेलं." मग ट्रॅक्टर मधून फोडला जातो, दोन-तीन दिवस मोडतात, नवं सील बसतं, आणि आठ दिवसांनी डाग पुन्हा तिथंच. म्हणून पाना हातात घेण्याआधी गळतीचं वरचं टोक शोधायचं.

पण त्याच्याही आधी, गळतंय ते इंजिनाचंच ऑइल आहे का, हे बोटावर घेऊन बघा. डिझेल पातळ असतं आणि त्याचा वास लपत नाही. गिअरचं तेल इंजिनाच्या ऑइलएवढं काळं नसतं आणि त्याला बहुधा उग्र, गंधकासारखा वास येतो. इंजिनाचं ऑइल वापरात काजळीनं काळं होतं, बोटाला शाईसारखं लागतं. सकाळी इंजिन गार असताना, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, मोजपट्टीही बघा. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. इंजिन आपोआप ऑइल तयार करत नाही. डिझेल पंपातून डिझेल आत उतरत असेल, तर ऑइल पातळ होतं, पातळी चढते आणि आजवर कोरडे असलेले सांधेही पाझरू लागतात. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. या दोन्ही खोडी असतील तर इंजिन चालवू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

ही शंका फिटली की इंजिन धुवायचं. इंजिन गार असू द्या. जाड ब्रशनं डिझेल लावून चिकटा सोडवा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. डायनामो, स्टार्टर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. जवळ विडी-काडी नको. उन्हात पूर्ण वाळलं की शाळेतल्या खडूची भुकटी किंवा अंगाला लावायची साधी पावडर फडक्यात बांधून सांध्यांवर झटका. इंजिन पांढरं दिसेल. लोक हसतील, हसू द्या.

मग इंजिन सुरू करा. आधी पाच-दहा मिनिटं हळू, नंतर थोडा वेळ जास्त वेगानं. तरी काही दिसलं नाही तर नांगर लावून दोन तास काम करून आणा, कारण काही गळत्या इंजिन तापल्यावर आणि ताण आल्यावरच उघड होतात. इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत या. भुकटी जिथं सगळ्यात वर ओली झाली, तिथं गळती. खालचं सगळं ओलं असलं तरी त्याच्याकडे आत्ता बघायचं नाही. इंजिन चालू असताना पंख्याजवळ वाकू नका. धोतराचा सोगा, उपरणं, पदर, काही लोंबतं नको.

एक जागा मात्र सगळ्यांच्या आधी तपासा : ब्रीदर, म्हणजे इंजिनाची श्वासनळी. सिलिंडरमधला थोडा धूर रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो या नळीतून बाहेर पडतो. आपल्या काळ्या रानात नांगरट आणि मळणी यांचा धुरळा तेलकट नळीत बसून तिचा बूच होतो. ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा असला, तर कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. धूर कोंडला की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी चार ठिकाणी गळती दिसली तर पॅकिंगला दोष देण्याआधी ही नळी काढा, डिझेलनं धुवा, तारेनं साफ करा. कैक गळत्या एवढ्यानंच थांबतात आणि खर्च काही नाही. नळी साफ असूनही, ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार झोत येत असतील, तर रिंगा किंवा लायनर झिजलेत. मग सील बदलत बसणं म्हणजे फुटक्या पाइपाला चिंधी बांधणं.

ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणं हीही अशीच खोड. जास्तीचं ऑइल क्रँकच्या फिरण्यात घुसळून फेसाळतं आणि बाहेर येतं. "जास्त असलं तर बरंच की" हा हिशेब इथं चालत नाही.

आता दुरुस्ती. टॅपेट कव्हरमधून ओल येत असेल, तर नट आवळत सुटू नका. जास्त आवळलं की पत्र्याचं कव्हर वाकतं, बुचाचं पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते. कव्हर काढा, दोन्ही बाजू स्वच्छ पुसा, कव्हरची कडा वाकली असेल तर सपाट करून घ्या, नवं पॅकिंग ठेवा आणि नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. ट्यूबमधला चिकट लेप भसाभसा लावायची सवय वाईट. दाबल्यावर जेवढा बाहेर येतो तेवढाच आतही जातो. त्याचा तुकडा ऑइलच्या जाळीत अडकला, तर ऑइल भरपूर असूनही बेरिंग कोरडं राहतं.

फिल्टरजवळ गळत असेल तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलंय का बघा. दोन रबरं एकावर एक बसली की गळणारच. खालच्या बोल्टाचा तांब्याचा वायसर दर ऑइलबदलीला नवा घाला. त्या बोल्टाला पाइप लावून जोर करू नका. आटे गेले की पूर्ण चेंबर उतरवावा लागतो. दाबाच्या काट्याकडे जाणारी बारीक नळी थरथरून चिरते. तिथली गळती साधी समजू नका, कारण तिथं ऑइल दाबाखाली असतं आणि चेंबर बघता बघता रिकामा होतो. पुढच्या पुलीमागचं सील बदलताना जुन्या सीलनं शाफ्टवर खाच पाडली आहे का, नखानं चाचपा. खाच असेल तर नवं सील किंचित पुढं-मागं बसवून घ्या. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे, आणि ओठाला थोडं ऑइल लावून.

क्लचच्या घराखाली एक भोक असतं. वरचं सगळं कोरडं आणि तिथूनच काळं ऑइल येत असेल, तर मात्र मागचं सील. गिअरच्या तेलाचा वास आला तर दोष गिअरबॉक्सकडचा. हे काम घरी करू नये. जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या काही ट्रॅक्टरांत मागं दोरीचं पॅकिंग असतं. ते थोडं पाझरतं, पण थेंब धरला आणि क्लच घसरू लागला की थांबू नका. जुन्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती कोरडी खरवडू नका, फुंकर मारू नका.

ज्यांच्या विहिरीवर अजून एका सिलिंडरचं लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन आहे, त्यांनी क्रँककेसच्या दारावरची छोटी झडप बघावी. तिची चकती हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. ती काजळीनं अडकली की फ्लायव्हीलजवळून दोन्ही बाजूंनी ऑइल येतं. चकती काढून धुवा, पुसा, तशीच परत बसवा. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. विहिरीत ऑइल गेलं की पाण्यावर तवंग येतो आणि ते पाणी ना माणसाच्या कामाचं, ना जनावराच्या.

काढलेलं काळं ऑइल ओढ्यात, बांधावर ओतू नका. बैलाच्या खांद्याला, जखमेला लावायची जुनी पद्धत सोडा, ते कातडीला घातक आहे. डब्यात साठवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या. डब्याचं झाकण घट्ट लावा. भैरवनाथाच्या सोनारीत माकडं काय काय उघडून बघतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नवं पॅकिंग टाकल्यावर आठ-दहा तास काम झालं की इंजिन गार करून टॅपेट कव्हरचे नट एकदा हलक्या हातानं बघा, कारण बुचाचं पॅकिंग बसतं आणि नट सैल होतात. पहिले आठ दिवस रोज सकाळी मोजपट्टी बघून आकडा भिंतीवर कोळशानं लिहा. रात्री इंजिनाखाली जुनं पुठ्ठ्याचं खोकं पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग कुठं पडला, ते मिस्त्रीला दाखवता येतं.