मोजणीदार पिंजऱ्यात

एक हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आली, तर जमिनीवरचा अर्धा मीटर तिच्याखालीच झाकला जातो. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या किंवा खालापूरच्या दिवाणी कोर्टात दोन शेजारी फुटाफुटासाठी भांडत असले, की उलटतपासणीचा पहिला प्रश्न कधी कधी इथूनच येतो. "साहेब, तुम्ही दाखवलेली हद्द रेघेच्या अलीकडची की पलीकडची?" पिंजऱ्यातला भूकरमापक, म्हणजे मोजणीदार, त्या क्षणी काय उत्तर देतो याला फारसं महत्त्व नसतं. त्याने काही महिन्यांपूर्वी अहवालात काय लिहून ठेवलंय, त्यावर सगळं ठरतं.

हा मोजणीदार भूमि अभिलेख खात्याचा माणूस. खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात बसणाऱ्या अधिकाऱ्याचं आजचं पदनाम उपअधीक्षक, भूमि अभिलेख. वकील मात्र अजून जुन्या सवयीने 'टीआयएलआर' (तालुका इन्स्पेक्टर ऑफ लँड रेकॉर्ड्स) असंच म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट मोजणीदाराला कमिशनर नेमतं, हुकूम कार्यालयात येतो, वादी मोजणी फी भरतो आणि 'कोर्ट कमिशनची मोजणी' लागते. याच आदेशाच्या नियम 10 प्रमाणे त्याचा अहवाल दाव्यातला पुरावा होतो; कोर्टाला वाटलं किंवा कोर्टाच्या परवानगीने पक्षकारांना वाटलं, तर त्याला बोलावून तपासता येतं. हद्दीच्या वादात तोंडी साक्षींवर विसंबण्यापेक्षा कमिशनर नेमून जागा मोजून घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणात सांगितलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1940 मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने बजावलं होतं की काळजीपूर्वक केलेल्या स्थळपाहणीत ठोस कारणाशिवाय ढवळाढवळ करू नये. यातला 'काळजीपूर्वक' हा शब्द वकिलांना तोंडपाठ असतो. ती काळजी कागदावर दिसली नाही, तर ढवळाढवळीला मोकळं रान.

या दोन तालुक्यांत हद्दी हलण्याची कारणं डोळ्यांसमोर असतात. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठची भातखाचरं, पावसाने दरवर्षी ढासळणारे आणि दरवर्षी हाताने पुन्हा घातले जाणारे बांध. नवा बांध जुन्याच जागी पडेल याची हमी कोण देणार? 26 जुलै 2005 सारख्या पुरानंतर तर काठाकडचे बांध आठवणीवरच उभे राहतात. त्यात गेल्या काही दशकांत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, फार्महाउसं आली, प्लॉट पाडले गेले. वरकस माळावर जेसीबी फिरतो, चढ-उतार सपाट होतो, आणि त्या भरावात हद्दीचा दगड गाडला गेला की पुढच्या पिढीच्या दाव्याचं बी पेरलं गेलंच म्हणून समजा.

मोजणीदाराचं खरं काम शेतात उतरण्याआधी अभिलेख कक्षात सुरू होतं. पिवळ्या पडलेल्या, हात लावला की कडा सुटणाऱ्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' असं छापलेलं असतं, कारण रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. त्याला टिपण हवं असतं. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेताचा हाताने काढलेला आराखडा, त्यावर शंकू-साखळीने घेतलेली मापं. पोटहिस्से पडले असतील तर फाळणीचा नकाशा, क्षेत्राच्या आकडेमोडीसाठी गुणाकार बुक, फेरबदल झाले असतील तर कमी-जास्त पत्रक. सातबारा या कामात सर्वात कमी उपयोगाचा, कारण तो क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. पक्षकार मात्र छातीशी धरून आणतात तो सातबाराच.

टिपणावरची मापं साखळी-आण्यांत असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 फूट म्हणजे 10.0584 मीटर. घाईत कुणी साखळीला सरळ 10 मीटर धरलं, तर 20 साखळ्यांच्या धुऱ्यावर 1 मीटर 17 सेंटिमीटरची चूक पदरात पडते. क्षेत्राचंही तसंच. 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा हा 101.17 चौरस मीटरचा. आर मात्र पुरते 100 चौरस मीटर. बोलताना सगळे गुंठा आणि आर एकच मानतात. 40 गुंठ्यांत या मानण्यापायी जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक निघतो, आणि फार्महाउसच्या भावात अर्धा गुंठा कुणी सोडत नाही.

याहून नाजूक गोष्ट आण्याची. एक आणा म्हणजे सुमारे 63 सेंटिमीटर. जिथे जुन्या मोजणीदाराने आण्याच्या खालचं माप नोंदवलेलंच नाही, तिथे अभिलेखातच दोन्ही बाजूंना फूटभर सैलपणा आहे. अशा टिपणावरून "कुंपण 8 सेंटिमीटर आत आहे" असं लिहिणारा अहवाल दिसायला फार चोख दिसतो आणि उलटतपासणीत पहिल्यांदा तोच पडतो. यंत्राने 8 सेंटिमीटर दाखवले असतील, त्यात खोटं काही नाही. पण ज्या मापाशी तुलना केली, तेच तेवढं बारीक नव्हतं.

मोजणी शक्यतो भातकापणीनंतर लागते. पाताळगंगेच्या खोऱ्यातलं एक शिवार डोळ्यांसमोर आणावं. खाचरांत धसकटं उभी, बांधावर दोन्ही बाजूंचे लोक, वकिलांचे ज्युनिअर, लगतच्या नंबरांचे धारक, पोलीस पाटील. नोटिसा सगळ्यांना गेलेल्या, त्यांच्या पोचा मोजणीदाराच्या फायलीत. ज्याला नोटीस मिळूनही यायचं नाही त्याच्या गैरहजेरीत काम करता येतं, पण नोटीस बजावल्याचा कागदच नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हातारा वादी बांधावरचा आंबा दाखवतो. "साहेब, आमच्या आज्याच्या वेळचा हाय. हीच हद्द." मोजणीदार मान हलवतो, आंब्याची जागाही घेतो, पण नकाशात तो आंबा 'वादीने दाखवलेली खूण' एवढाच उतरतो. टिपणात आंबा नाही.

त्याला दगड हवा असतो. तीन शिवा मिळतात तिथला, त्रिसीमेचा. टिपणावरून जागा काढून तिथे पहार मारली जाते. माती, मुरूम, पुन्हा माती, मग पहारेचा आवाज बदलतो. घडीव माथ्याचा दगड हातभर खाली निघतो. आता लोक गप्प होतात. ज्याच्या विरुद्ध जाणार तोही वाकून बघतो. दुसरा दगड जिथे असायला हवा, तिथे कुणाच्या तरी बंगल्याच्या रस्त्याचा भराव आहे. मोजणीदार वहीत दोन्ही लिहितो : पहिली खूण 'मिळून आली', दुसरी 'भरावामुळे मिळून आली नाही'.

मग पडताळा. सापडलेल्या दगडापासून लगतच्या नंबराच्या कायम खुणेपर्यंत टिपणात, समजा, 12 साखळ्या 8 आणे आहेत. म्हणजे 412 फूट 6 इंच, 125.73 मीटर. यंत्र 125.60 दाखवतं. फरक 13 सेंटिमीटर, आण्याच्या सैलपणात बसणारा. हा फरक लपवून आकडा जुळवून टाकण्याचा मोह होतोच. चांगला मोजणीदार तो जसाच्या तसा तक्त्यात मांडतो. पूर्वी हे फळा लावून आणि बावटे रोवून होत असे, मग ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) आलं, आता उपग्रहावरून स्थान घेणारा रोव्हर. रोव्हर झटपट आहे खरा, पण सह्याद्रीच्या कड्याखाली किंवा दाट झाडीत आकाशच कमी दिसतं, तिथे तो अडखळतो. कोणत्या बिंदूवर कोणतं यंत्र वापरलं, हेही म्हणून अहवालात यावं लागतं. सगळ्या मोजणीला एकच यंत्राचं नाव लावून मोकळं होणं हा आळस आहे, आणि तो पकडला जातो.

कार्यालयात परतल्यावर अहवालाची भाषा. इथे मोजणीदार घसरतो तो बहुधा एकाच वाक्यावर : 'प्रतिवादीने वादीच्या जमिनीत अतिक्रमण केले आहे.' अतिक्रमण झालं की नाही, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम. ताबा कुणाचा आणि कधीपासून, हाही प्रश्न कमिशनने सोडवायचा नसतो, त्याला साक्षीपुरावा लागतो. मोजणीदाराने लिहायचं ते असं : अभिलेखाप्रमाणे येणारी पूर्व हद्द आणि जागेवरचं तारेचं कुंपण यांच्यामध्ये अ-ब-क-ड या बिंदूंनी दाखवलेलं क्षेत्र 0.62 आर येतं. वहिवाट अमुक पक्षकाराने दाखवली. हद्द अमुक तीन खुणांवरून कायम केली. वाक्य रुक्ष आहे, म्हणूनच टिकतं. त्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्या मोजणीदाराला जागेवर जाऊन तपासता येतो.

पक्षकाराने स्वतः आणलेल्या खासगी सर्व्हेअरची गोष्ट वेगळी. पैसे एका बाजूने दिलेले, त्यामुळे कोर्ट मुळातच भुवई वर करून बघतं. त्याचा नकाशा पुष्कळदा रंगीत आणि देखणा असतो : उपग्रहाच्या छायाचित्रावर गावनकाशाची रेघ चढवलेली. पण इंचाला 20 साखळ्या अशा प्रमाणाचा गावनकाशा म्हणजे 7920 स एक. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. त्या रेघेवरून कुंपणाचा निवाडा करणं म्हणजे तांदूळ मोजायला ट्रकचा वजनकाटा आणणं.

तज्ज्ञाचं मत कायद्याला चालतं, पण नुसतं मत चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 45 आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम 39 झालं आहे, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, आणि विज्ञान, कला वगैरेंच्या यादीला त्यात 'इतर कोणतंही क्षेत्र' जोडलं गेलं आहे. दार रुंद झालं, उंबरठा तेवढाच उंच राहिला. 1999 मध्ये हिमाचलमधल्या सफरचंदांच्या एका खटल्यात फलोत्पादन अधिकाऱ्याने बागा बघून उत्पादनाचा अंदाज दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितलं की तज्ज्ञाने आपले निकष कोर्टापुढे ठेवायचे, म्हणजे न्यायाधीशाला ते लावून स्वतःचं मत बनवता येईल. इंग्लंडमध्ये 1993 साली, उथळ जागी रुतून जळालेल्या 'इकेरियन रीफर' या जहाजाच्या विमादाव्यात, न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी तज्ज्ञाची कर्तव्यं मांडली : मत स्वतंत्र हवं, गृहीतकं सांगायला हवीत, आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी गाळायच्या नाहीत. बांधावरच्या मोजणीदाराने हा निकाल वाचलेला असण्याचं कारण नाही. पण 'दुसरी खूण मिळून आली नाही' हे तो लिहितो, तेव्हा नेमकं हेच करत असतो.

हे वाक्य लिहायला धीर लागतो. वकील ते वाचून खूश होणार हे त्याला माहीत असतं. "म्हणजे तुमची मोजणी अपुरी?" असा प्रश्न येणारच. ज्याच्या अहवालात बाकीच्या तीन खुणांचे पडताळे आहेत, तो शांतपणे पान उलटून तक्ता दाखवतो. ज्याने न सापडलेला दगड 'सापडला' म्हणून लिहिला, त्याच्यापुढे वकील भरावाचा फोटो ठेवतो, तारखेसह. मग बाकीचे तीन खरे दगडही संशयात जातात.

बाकी प्रश्न ठरलेले. टिपणाची प्रत जोडली का? लगतचा नंबर मोजला की फक्त वादातला? पंचनामा जागेवर लिहिला की कार्यालयात? प्रतिवादीने सहीला नकार दिला, तर तसा शेरा का नाही? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कागदावर असलं, तर उलटतपासणी अर्ध्या तासात आटपते आणि अहवालावर निशाणी पडते. नसलं, तर हारणारी बाजू हरकत घेते, आणि कोर्टाचं समाधान झालं नाही तर नियम 10 खालीच पुढची चौकशी करायला सांगता येतं. मग नवा हुकूम, नव्याने फी, नव्याने नोटिसा. तोवर पाऊस लागलेला असतो आणि खाचरांत लावणी झालेली असते, म्हणून दुसरी मोजणी पुन्हा कापणीनंतरच्या तारखेवर जाते. तिचा पहिला मुद्दा बहुधा एकच असतो : पहिल्या मोजणीदाराने कुठल्या दगडावरून सुरुवात केली होती?