सकाळी भेटलेला संकष्टीचा चंद्र

मार्गशीर्षातली संकष्टी होती आणि सगळी दिल्ली धुक्यात बुडाली होती. मयूर विहारमधल्या आमच्या गच्चीवर सासूबाई शाल पांघरून, ताम्हन घेऊन तासभर उभ्या होत्या. समोरच्या इमारतीतला दिवाही दिसत नव्हता, तिथे चंद्र कुठून दिसणार? शेवटी पूर्वेकडे तोंड करून त्यांनी अर्घ्य दिलं आणि मोदक खाल्ला, पण झोपल्या त्या खट्टू होऊनच.

पहाटे वारा सुटला. साडेसातला मी तुळशीला पाणी घालायला वर गेले, तर यमुनेच्या खादरावर, पश्चिमेला चांगला उंच, चंद्र! आणि माझ्या पाठीमागे नोएडाच्या इमारतींमधून नुकताच वर आलेला सूर्य. मी जिन्यातूनच हाक मारली, "आई, वर या. तुमचा चंद्र अजून आहे." त्या आल्या, हात जोडले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत म्हणाल्या, "सूर्य असताना हा कसा गं?"

या प्रश्नानं मला तिथी शिकवली. इतकी वर्षं उपास केले, पण तिथी म्हणजे काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनातलं अंतर. अमावास्या संपते त्या क्षणी ते शून्य असतं. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की प्रतिपदा संपते, चोवीस अंशांवर द्वितीया. पौर्णिमा संपताना तो 180 अंशांवर, बरोबर समोर पोचलेला असतो. तीस तिथींत 360 अंशांचा फेरा पुरा होतो. म्हणजे ज्या दिवशी दोघं एकाच आभाळात दिसतात, त्या दिवशी पंचांगातला मुख्य आकडा आपल्या डोक्यावर उघडा पसरलेला असतो.

सासूबाईंचं उत्तरही त्यातच आहे. वद्य चतुर्थीचा चंद्र पौर्णिमेच्या जागेपासून 36 ते 48 अंश पुढे गेलेला असतो, म्हणून तो सूर्यास्तानंतर तीनेक तासांनी उगवतो. उगवला की साधारण बारा तास आभाळात राहतो. रात्री नऊच्या सुमारास आलेला पाहुणा सकाळी सातला कसा जाईल? त्याला मावळायला नऊ-दहा वाजतात. प्रत्येक संकष्टीची दुसरी सकाळ अशीच असते, आपण वर बघत नाही इतकंच. शुद्ध अष्टमीला उलटा प्रकार. चंद्र दुपारी पूर्वेला उगवतो आणि सूर्य मावळताना दक्षिणेच्या आभाळात उंच असतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस तेवढे वगळा, कारण तेव्हा तो सूर्याच्या झगमगाटात हरवतो. पौर्णिमेला दोघं समोरासमोर असल्यामुळे फक्त संध्याकाळी आणि पहाटे, क्षितिजावर, त्यांची ओझरती गाठ पडते.

आता दिवसाउजेडी तो दिसतो तरी कसा? पूर्ण चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पटींनी तेजस्वी आहे. चंद्राची जमीन तर जुन्या डांबरी रस्त्याइतकीच काळपट, पडलेल्या उजेडातला जेमतेम आठवा हिस्सा परत पाठवणारी. पण त्याला सूर्याशी बरोबरी करायची नसते, निळ्या आभाळापेक्षा थोडं उजळ असलं की पुरतं. त्या सकाळी मी नीट पाहिलं. चंद्राची खालची कड झिजलेली होती, आणि तिथे काळोख नव्हता, आभाळाचाच निळा रंग होता. कारण हवा चंद्राच्या अलीकडे आहे आणि तिचा निळा उजेड चंद्राच्या अंधाऱ्या भागावरही पसरतो.

दिल्लीकर मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघून ताटकळतो. दिल्ली मुंबईच्या चार अंशांहून जास्त पूर्वेला आहे, तेवढ्यानंच इथे सतरा मिनिटांचा फरक पडतो. शिवाय हिवाळ्यात संकष्टीचा चंद्र उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि आपणही मुंबईपेक्षा उत्तरेला. त्यामुळे दोन्ही मिळून दिल्लीत तो अर्धा तास आधी उगवू शकतो. उन्हाळ्यात हा फरक जवळजवळ पुसला जातो. करवा चौथच्या रात्री शेजारच्या गच्च्यांवर बायका चाळणी घेऊन उभ्या राहतात, तीही संकष्टीच. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो म्हणून त्यांचा कार्तिक, आपला आश्विन. चंद्र एकच.

सूर्य-चंद्रातलं हे अंतर मोजणं हे कधीकाळी विद्वानांचं मोठं काम होतं. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं दोघं एकाच वेळी क्षितिजाच्या वर असताना कड्यांचं यंत्र त्यांच्यावर रोखलं. त्याला आढळलं, की पौर्णिमा-अमावास्येला जुळणारा जुना हिशेब अर्धचंद्राच्या वेळी अडीच अंशांहूनही जास्त चुकू शकतो. दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय ही चूक हाती लागणं कठीण होतं. टॉलेमीनं हे ज्या ग्रंथात लिहिलं, तो अरबीतून संस्कृतात आणला सवाई जयसिंहाच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटांनी, आणि परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. त्याच जयसिंहानं 1724 मध्ये दिल्लीचं जंतर मंतर उभारलं.

एका वद्य अष्टमीला सकाळी मी तिथे गेले. सत्तर फुटी सम्राट यंत्राची तिरकी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतक्या कोनात ध्रुवाकडे रोखलेली, तिची सावली कमानीवर सरकत होती. वर, पश्चिमेच्या बाजूला, अर्धा चंद्र. सूर्य सावलीनं मोजायचा, चंद्र नजरेनं. मी एक हात सूर्याच्या दिशेला धरला, दुसरा चंद्राकडे. हातांचा काटकोन झाला. आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता, कारण अष्टमी मी पहिल्यांदा हातांनी धरली होती.

तुम्हालाही हे जमेल. हात लांब करून धरलेली मूठ आभाळातले साधारण दहा अंश झाकते. वद्य पक्षातल्या सकाळी सूर्यापासून चंद्रापर्यंत मुठीवर मूठ ठेवत जा, अंशांना बारानं भागा, म्हणजे अमावास्येला किती तिथी उरल्या ते कळतं. फक्त सूर्य एखाद्या इमारतीच्या कडेआड ठेवा. त्याच्याकडे थेट बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता सासूबाईंना गच्चीचा जिना जड जातो, पण संकष्टीच्या दुसऱ्या सकाळी त्या चढतातच. मी मुठी मोजते, त्या मोठ्यानं आकडा म्हणतात. परवा डोक्यावरून पलीकडे जात बाराव्या मुठीला चंद्र लागला. "एकशे वीस," त्या म्हणाल्या, "म्हणजे दहा तिथी उरल्या. पंचमी संपत आली गं." मग खाली येऊन त्यांनी चष्मा लावला आणि पंचांग उघडलं.