पंगत आणि शिधापत्रिका

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, देवळाचा उत्सव आला की भंडारा ठरलेलाच. मोठमोठ्या हंड्यांत भात शिजतो, आमटीचा घमघमाट सुटतो आणि पत्रावळींच्या ओळी मांडल्या जातात. मुरूडसारख्या गावी मुसलमान कुटुंबे ईदच्या नमाजापूर्वी गरिबांसाठी फित्रा देतात. भुकेल्यास अन्न देणे हे पुण्यकर्म होय, अशी सर्वच धर्मांची शिकवण आहे. वाढणारा कोणाचे नावगाव विचारीत नाही, हे या अन्नदानाचे मोठेपण. पूर्वी मात्र पुष्कळ ठिकाणी जात विचारली जाई आणि काहींना पंगतीबाहेर बसविले जाई, हेही विसरता येत नाही.

परंतु उत्सव संपतो, मांडव उतरतो. भूक दुसऱ्या दिवशीही लागतेच. शिवाय दुष्काळ पडला म्हणजे दात्याचीच कणगी रिकामी होते. १९७२ सालच्या भीषण दुष्काळात महाराष्ट्र सरकारने लक्षावधी लोकांस रस्ते, बंधारे यांवर काम देऊन जगविले. त्यातूनच रोजगार हमी योजना दृढ झाली. पुढे २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यानुसार पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय योजनेतील अतिगरीब कुटुंबास ३५ किलो. शाळेत दुपारी मिळणारे जेवणही याच कायद्याने तुमचा हक्क ठरले आहे. पंगतीत आपले पान रिकामे राहिले तर आपण कोणाकडे दाद मागणार? रेशनचे धान्य मिळाले नाही तर मात्र सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

आता या हक्काची दुसरी बाजू पाहा. येथे आधी नावच विचारले जाते. दुकानदार शिधापत्रिका मागतो, यंत्रावर अंगठा ठेवावयास सांगतो. रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर दूर जातात. अलीकडे दुसऱ्या गावीही आपले धान्य घेता येते, ही सोय चांगलीच झाली; पण ज्यांच्याजवळ शिधापत्रिकाच नाही, त्यांस तिचा काय उपयोग? ती मिळवावी तर राहत्या ठिकाणाचा पुरावा हवा, आणि वर्षातील निम्मे दिवस त्यांचे घर म्हणजे भट्टीजवळची झोपडी! अशा भट्टीच्या आसपास एखादा भंडारा असला, तर त्या दिवशी तेथील मुले पोटभर जेवतात.